जुळलं म्हणजे खरं ठरलं का? जहाजांची इन्फ्रारेड सिग्नेचर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात युद्धनौका इन्फ्रारेड कॅमेऱ्याला कशी दिसते, यावर मी लिहिलं होतं. जहाजाची बाजू, धुराडं आणि धुराचा झोत हे सगळं आजूबाजूच्या समुद्राच्या आणि आकाशाच्या तुलनेत किती उजळ किंवा किती मंद दिसतं, ती त्या जहाजाची इन्फ्रारेड सिग्नेचर. आणि ती जहाज बांधण्याआधीच संगणकावर काढता येते, एवढं त्यात आलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं: संगणकाने काढलेली ही सिग्नेचर खरी कशावरून? माझी सगळी नोकरी समुद्रावर थर्मल कॅमेऱ्याने मोजमापं घेण्यात आणि ती मॉडेलवाल्यांच्या, म्हणजे सिग्नेचर संगणकावर गणिताने काढणाऱ्यांच्या, उत्तरांशेजारी मांडण्यात गेली. म्हणून या महिन्याचं सदर याच प्रश्नाला देते आहे.

प्रश्न : मॅडम, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जहाजाच्या बाजूच्या पत्र्याचं तापमान काढणारं मॉडेल तयार केलं. एका प्रकाशित मोजमापाशी ते ५ टक्क्यांच्या आत जुळलं. ‘मॉडेल व्हॅलिडेट झालं’, म्हणजे मोजमापाशी ताडून खरं ठरलं, असं अहवालात लिहू का?

एवढ्यात नका लिहू. आधी मला सांगा, ५ टक्के कशाचे? पत्रा २७ अंश सेल्सिअसला असेल तर त्याचे ५ टक्के म्हणजे १.३५ अंश. तेच तापमान केल्विनमध्ये लिहिलं, म्हणजे ३००, तर ५ टक्के होतात १५ अंश. पत्रा तोच, टक्केवारी तीच, आणि चूक दहापटीहून मोठी. म्हणून तापमानातली चूक कधीही टक्क्यांत लिहू नका. अंशांत लिहा, आणि मॉडेलचं उत्तर जास्त आलं की कमी, तेही लिहा.

आता मुख्य मुद्दा. क्षेपणास्त्राच्या इन्फ्रारेड डोळ्याला पत्र्याचं तापमान कळत नाही. त्याला कळतो तो पत्रा आणि त्याच्या मागची पार्श्वभूमी यांतला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट. समजा पत्रा २७ अंशांचा आहे आणि मागचा समुद्र कॅमेऱ्याला २५ अंशांचा भासतो. फरक २ अंशांचा. तुमच्या मॉडेलने पत्रा २८ अंश दाखवला. केल्विनच्या हिशेबात ही चूक एक तृतीयांश टक्का आहे, कुणी भुवई उंचावणार नाही. कॉन्ट्रास्टच्या हिशेबात ती ५० टक्के आहे. भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट तोलायचा, मग ड्रायव्हरला उतरवून पुन्हा तोलायचा आणि वजाबाकी करून ड्रायव्हरचं वजन सांगायचं, असा हा प्रकार आहे. काटा थोडा जरी हलला तरी वजाबाकी कामातून जाते.

याच उदाहरणात मॉडेलने समुद्रही १ अंश जास्त दाखवला असता तर काय झालं असतं? कॉन्ट्रास्ट बरोब्बर २ अंश आला असता. पत्रा चूक, समुद्र चूक आणि उत्तर तंतोतंत. मला सगळ्यात जास्त धास्ती अशाच जुळणीची वाटते. कारण हवामान बदललं की त्या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकायचं थांबवतात, आणि तोवर मॉडेल पुढच्या कामाला लागलेलं असतं. म्हणून शेवटचा आकडा जुळला की नाही, हे सगळ्यात शेवटी पाहायचं. त्याआधी पत्र्याची तापमानं वेगळी, समुद्र वेगळा, आकाश वेगळं, मधली हवा वेगळी, धुराचा झोत वेगळा, असा एकेक तुकडा तपासायचा.

तुमचं मॉडेल पत्र्यापुरतं आहे, तर त्या तुकड्याकडे नीट पाहू. स्वच्छ उन्हात उभ्या बाजूवर पडणाऱ्या उष्णतेपैकी रंगाने शोषलेली उष्णता ५०० वॅट प्रति चौरस मीटर धरू. ती बाहेर जाते वाऱ्यामुळे आणि पत्र्याच्या स्वतःच्या प्रारणामुळे, म्हणजे त्याच्यातून किरणांच्या रूपात बाहेर पडणाऱ्या उष्णतेमुळे. या दोन्हींचा मिळून उष्णता-स्थानांतराचा गुणांक, म्हणजे तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती उष्णता निघून जाते तो आकडा, २० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश घेतला, तर पत्रा हवेपेक्षा २५ अंशांनी तापतो. तोच गुणांक २६ घेतला तर १९ अंशांनी. म्हणजे गुणांकात ३० टक्क्यांचा फरक आणि तापमानात ६ अंशांचा. आणि हा गुणांक खऱ्या जहाजावर ३० टक्क्यांच्या आत सांगणंही सोपं नाही. वारा पुढून येतो की बाजूने, वरच्या बांधकामामागे भोवरे कुठे फिरतात, जहाजाचा स्वतःचा वेग किती, सगळंच त्यात येतं.

म्हणून विचारते: तुम्ही हा गुणांक कुठून घेतला? एखाद्या सूत्रातून घेतला आणि तो तसाच ठेवला असेल तर तुमची जुळणी काहीतरी सांगते. उत्तर जुळेपर्यंत तो वरखाली केला असेल, तर तुम्ही मॉडेलला उत्तर शिकवलंत, त्याची परीक्षा घेतली नाहीत. तसं करणं चूक नाही. पण मग ज्या मोजमापांवर गुणांक ठरवला ती बाजूला ठेवा आणि परीक्षा दुसऱ्या दिवसाच्या, दुसऱ्या वाऱ्यातल्या मोजमापांवर घ्या.

अजून एक सांगते, प्रकाशित आलेख वापरणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. उन्हाने तापणारी जहाजाची बाजू दिवसातून साधारण दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, पार्श्वभूमीइतकीच होते. त्या वेळी कॉन्ट्रास्ट शून्यातून जातो. शून्याच्या आसपास टक्केवारीला काही अर्थच उरत नाही. मॉडेल अर्ध्या अंशाने चुकलं तरी चूक हजार टक्के दिसू शकते. तरीही या वेळा टाळू नका. कॉन्ट्रास्ट नेमका किती वाजता शून्य होतो, हे मॉडेलला विचारा आणि कॅमेऱ्याशी ताडून पाहा. मला व्यक्तिशः ही परीक्षा फार आवडते. एका आकड्याऐवजी एक वेळ तपासायची असते, आणि पत्र्याची जाडी, रंग, वारा, समुद्र या सगळ्यांचा हिशेब त्या वेळेत उतरलेला असतो.

प्रश्न : मी व्यापारी जहाजांवर इंजिन विभागात नोकरी केली. भर समुद्रात एकही गोष्ट स्थिर नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. मग ज्या मोजमापाशी मॉडेल ताडून पाहता, ते मोजमाप तरी खरं कशावरून?

तुम्ही विचारलंत ते मॉडेल करणाऱ्यांपैकी फार थोडे विचारतात. मोजमाप म्हणजे सत्य असं समजून चालणं ही या क्षेत्रातली जुनी सवय आहे, आणि ती मोडायलाच हवी.

कॅमेऱ्यापासून सुरू करते. चांगला थर्मल कॅमेरा ०.०५ अंशाचा फरक सहज दाखवतो. म्हणजे तो तापमानही तितकं अचूक सांगतो, असं मुळीच नाही. बाजारातल्या बहुतेक थर्मल कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात अचूकता उणे-अधिक २ अंश किंवा २ टक्के अशी लिहिलेली असते. म्हणून मोजमापाच्या आधी आणि नंतर कॅमेऱ्यासमोर ब्लॅकबॉडी धरावी लागते, म्हणजे ठरावीक तापमानाला राखलेली काळी पट्टी. आधीचं आणि नंतरचं वाचन वेगळं आलं तर मधल्या वेळात कॅमेरा सरकला, असं समजायचं. यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. जहाज आणि समुद्र एकाच चित्रात असतील तर कॅमेऱ्याची सगळीकडे सारखी असलेली चूक कॉन्ट्रास्टमधून निघून जाते.

मग जहाजावरचे सेन्सर. पत्र्याचं तापमान मोजायला थर्मोकपल बाहेरून चिकटवलं तर ती चिकटपट्टी स्वतःच वेगळी तापते, तिच्यावरचा वारा वेगळा आणि रंगही वेगळा. आम्ही शक्य तिथे इन्शुलेशन बाजूला करून सेन्सर आतून पोलादावर बसवायचो आणि इन्शुलेशन पुन्हा लावायचो. आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं असेल का, अशी शंका येईल. हिशेब करून पाहा: ६ मिलीमीटरचा पोलादी पत्रा, त्यातून अगदी ५०० वॅट प्रति चौरस मीटर उष्णता आरपार जाते असं धरलं तरी दोन बाजूंतला फरक ०.०६ अंश येतो. तो सोडून देता येतो. सोडून देता येत नाही ती सेन्सरची जागा. पत्र्यामागे इंधनाची किंवा पाण्याची टाकी असेल तर तो भाग दिवसभर थंड राहतो. आडव्या-उभ्या फ्रेम असतील तिथे थर्मल चित्रात पट्टे उमटतात. तुम्ही इंजिन विभागातले, तेव्हा इंजिन रूमच्या बाहेरची बाजू रात्रीही उबदार का दिसते, हे तुम्हाला सांगायला नको. सेन्सर अशा जागी पडला आणि मॉडेलमध्ये मात्र सगळी बाजू एकसारखी धरलेली असली, की वाद मॉडेलचा नसतो, नकाशाचा असतो.

आता वेळ. वर सांगितलेल्या ६ मिलीमीटर पत्र्याची उष्णता साठवण्याची क्षमता प्रति चौरस मीटर प्रति अंश २२,६०० ज्यूलच्या आसपास येते. गुणांक २० धरला तर पत्र्याला बदलत्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला लागणारा काळ सुमारे १९ मिनिटं. म्हणजे फोटो घेतला त्या क्षणाचं ऊन-वारा माहीत असून भागत नाही. २० मिनिटांपूर्वी ढग गेला होता का? जहाज वळलं आणि सावलीतली बाजू उन्हात आली का? त्याचा परिणाम पत्र्यावर अजून असतो. निदान शेवटच्या तासाभराचा दर मिनिटाचा तक्ता लागतो: दिशा, वेग, ऊन, वारा, आर्द्रता, इंजिनाचा भार. कितीतरी चाचण्यांत कॅमेऱ्याची चित्रं उत्तम असतात आणि हा तक्ता तुटक असतो. अशा चित्रांवर मॉडेलची परीक्षा घेता येत नाही, ती कितीही देखणी असोत.

आणि मधली हवा. कॅमेरा ५ किलोमीटरवर असेल तर जहाजाकडून निघालेल्या प्रारणाचा मोठा हिस्सा वाटेतली पाण्याची वाफ आणि इतर वायू शोषून घेतात आणि स्वतःचं प्रारण त्यात मिसळतात. याचा हिशेब मॉडट्रान नावाच्या अमेरिकी संगणक-प्रणालीने करण्याची पद्धत जगभर आहे. पण मॉडट्रानला दिलेली आर्द्रता किनाऱ्यावरची असेल आणि जहाज खुल्या समुद्रात असेल, तर उत्तर कुणाचं? यावर एक सुंदर उपाय आहे. जहाजावर वेगवेगळ्या पण माहीत असलेल्या तापमानाच्या दोन काळ्या पट्ट्या उभ्या करायच्या. दुरून कॅमेऱ्याला दोन्हींत जो फरक दिसतो त्याला खऱ्या फरकाने भागायचं. हवेने स्वतः मिसळलेलं प्रारण दोन्हींत सारखं असल्यामुळे वजाबाकीत निघून जातं आणि हवा किती आरपार आहे, तेवढंच उरतं. मर्यादा अशी की पट्ट्या कॅमेऱ्याच्या बऱ्याच पिक्सेलांवर पसरायला हव्यात. पिक्सेलचा कोन ०.१ मिलिरेडियन असेल तर ५ किलोमीटरवर एक पिक्सेल अर्ध्या मीटरचा होतो, तिथे मीटरभराची पट्टी पुरत नाही. १ किलोमीटरवर तो १० सेंटिमीटरचा होतो, तिथे पुरते.

शेवटी माणूस. जहाजाची एकूण सिग्नेचर काढताना चित्रात जहाजाची कड आखावी लागते. कड एक पिक्सेल आत किंवा बाहेर गेली की एकूण आकडा बदलतो. धुराच्या झोताला तर कडच नसते. एकाच चित्रावर दोन माणसांना स्वतंत्रपणे कड आखायला लावा; दोघांच्या उत्तरांतला फरक हा मोजमापाच्या अनिश्चिततेचा भाग म्हणून लिहायला हवा. तो लिहिलेला मी क्वचितच पाहिला आहे.

प्रश्न : समुद्राचं तापमान तर एका थर्मामीटरने कळतं. मग पार्श्वभूमी एवढी अवघड का?

कारण दुरून पाहताना समुद्रात आकाश दिसतं. वरून सरळ खाली पाहिलं तर पाणी इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ काळ्या पदार्थासारखं वागतं, त्याच्याकडून येणारं प्रारण त्याच्या तापमानाचंच असतं. पण पाण्याशी १० अंशांचा कोन करून पाहा: १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास शांत पाणी पाव हिश्शाहून जास्त परावर्तन करतं, आणि ते परावर्तन आकाशाचं. निरभ्र आकाश डोक्यावर इन्फ्रारेडमध्ये अतिशय थंड असतं, क्षितिजाजवळ हवेच्या तापमानाच्या जवळपास येतं. मग समुद्र किती अंशांचा भासेल, हे ढगांवरही ठरतं.

त्यात लाटा. २० मीटर उंचीवरचा कॅमेरा ५ किलोमीटरवरच्या पाण्याला पाव अंशाहून कमी कोनातून पाहतो. पण तुम्हाला दिसतात ते लाटांचे तुमच्याकडे तोंड केलेले उतार. हे उतार किती, याचं आजही वापरलं जाणारं गणित चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक यांचं आहे. त्यांनी १९५१ मध्ये हवाई बेटांजवळ विमानातून समुद्रावर चमकणाऱ्या सूर्यप्रकाशाचे फोटो काढले आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापले: उताराच्या वर्गाची सरासरी ०.००३ अधिक वाऱ्याचा वेग गुणिले ०.००५१२, वेग मीटर प्रति सेकंदात. ५ मीटरच्या वाऱ्याला हा उतार साधारण साडेनऊ अंश येतो, १० मीटरला १३ अंश. फोटोवरून उचललेलं हे गणित इतकं टिकलं याचं मला आजही कौतुक वाटतं. पण ते खुल्या समुद्राचं आहे, सरासरी वाऱ्याचं आहे. किनाऱ्याजवळ, नुकत्याच सुटलेल्या वाऱ्यात किंवा जहाजाच्या मागे घुसळलेल्या पाण्यात ते जसंच्या तसं लावलं की पार्श्वभूमी बिघडते, आणि दोष विनाकारण जहाजाच्या मॉडेलला लागतो.

प्रश्न : धुराचा झोत सगळ्यात गरम. मग तो मोजणं सगळ्यात सोपं असायला हवं ना?

गरम आहे, पण पत्र्यासारखा नाही. गॅस टर्बाइनचा धूर ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास बाहेर पडतो. बहुतेक युद्धनौकांत तो बाहेरची हवा मिसळून थंड केलेला असतो. वायू सगळ्या तरंगलांबींवर प्रारण देत नाही. धुरातला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः ४.३ मायक्रॉनभोवतीच्या तरंगलांबींच्या एका पट्ट्यात उजळतो. गंमत अशी की वाटेतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड नेमकं तेच प्रारण गिळतो. कॅमेऱ्यापर्यंत पोचतं ते फक्त पट्ट्याच्या दोन कडांचं, कारण गरम वायूचा पट्टा थंड हवेच्या पट्ट्यापेक्षा रुंद असतो. ३ ते ५ मायक्रॉनच्या सबंध पट्ट्याची सरासरी एमिसिव्हिटी (त्याच तापमानाच्या पूर्ण काळ्या पदार्थाच्या तुलनेत किती प्रारण निघतं ते प्रमाण) आणि सरासरी पारदर्शकता घेऊन गुणाकार करणारं मॉडेल इथे हमखास फसतं. झोताची परीक्षा तरंगलांबीनुसार प्रारण वेगळं करणाऱ्या उपकरणाने घ्यावी. निव्वळ कॅमेऱ्याने घेतली तर कमीत कमी दोन वेगवेगळ्या अंतरांवरून घ्यावी. एका अंतरावर जुळलेलं उत्तर दुसऱ्या अंतरावर सुटलं, तर चूक कुठे आहे हे लगेच कळतं.

आणखी एक. समुद्रपातळीवरच्या कॅमेऱ्याला धुराड्याच्या आतला तापलेला धातू दिसत नाही. विमानातून दिसतो. बोटीवरून केलेल्या चाचणीत मॉडेल उत्तीर्ण झालं, म्हणून वरून पाहतानाचं उत्तरही बरोबर असेल, असं धरायला काहीच आधार नाही.

प्रश्न : जहाजाची छोटी प्रतिकृती करून प्रयोगशाळेतच का तपासत नाहीत? आणि रात्री चाचणी घेतली तर ऊन हा प्रश्नच मिटेल ना?

प्रतिकृती धुराड्याभोवतीचा हवेचा प्रवाह पाहायला उपयोगी आहे. सबंध सिग्नेचरसाठी नाही. आकार लहान केला की वाऱ्याने होणारं थंड होणं, पत्र्यात साठणारी उष्णता आणि प्रारण ही तिन्ही एकाच प्रमाणात लहान होत नाहीत.

रात्रीच्या चाचणीचं मात्र मी नेहमी समर्थन करते. ऊन गेलं की इंजिनाची उष्णता, धूर आणि आकाशाकडे जाणारं प्रारण एवढंच उरतं, आणि मॉडेलचे ते भाग उघडे पडतात. रात्री नापास झालेलं मॉडेल दिवसा तपासत बसू नये. रात्री पास झालेल्याची दिवसाची परीक्षा बाकी असतेच.

प्रश्न : खऱ्या युद्धनौकेची सिग्नेचर गुप्त असते. मग बाहेरच्या शास्त्रज्ञांनी अशा मॉडेलवर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर?

यासाठी बिनलढाऊ संशोधन-जहाजं कामी येतात. कॅनडाचं ‘क्वेस्ट’ हे अशा कामांतलं प्रसिद्ध जहाज होतं. नाटो देशांमध्ये प्रचलित असलेलं शिप-आयआर हे मॉडेल मूळ कॅनडाचंच, आणि त्याची परीक्षा क्वेस्टवरच्या मोजमापांशी घेतली गेली. २०११ साली झालेल्या रिम्पास नावाच्या मोठ्या संयुक्त चाचणीत क्वेस्टबरोबर जर्मनीचं ‘प्लॅनेट’ हे संशोधन-जहाज होतं. जहाज संशोधनाचं असलं की आत सेन्सर हवे तिथे बसवता येतात, हवा तो मार्ग पुन्हा पुन्हा कापता येतो आणि निष्कर्ष इतर देशांच्या गटांसमोर ठेवता येतात.

त्याहूनही साधी वस्तू म्हणजे ‘क्युबी’: पायरीसारख्या आकाराचं पोकळ पोलादी खोकं, खास थर्मल मॉडेलांची परीक्षा घेण्यासाठी तयार केलेलं. त्यात इंजिन नाही, टाक्या नाहीत, गुपित नाही. ऊन, वारा, पाऊस आणि स्वतःच्याच एका पायरीची दुसरीवर पडणारी सावली, एवढंच. जे मॉडेल या खोक्याचं दिवसभराचं तापमान सांगू शकत नाही, त्याच्याकडून जहाजाची अपेक्षा मी करणार नाही. विद्यार्थ्यांनी सुरुवात अशाच वस्तूपासून करावी असं मला फार वाटतं.

विश्वासासाठी मी आणखी एक अट घालते. मॉडेल चालवणाऱ्या गटाला फक्त हवामान, मार्ग आणि इंजिनाच्या भाराच्या नोंदी द्यायच्या. त्यांनी उत्तर लिहून सुपूर्द करायचं. त्यानंतरच कॅमेऱ्याची चित्रं उघडायची. चित्रं आधी पाहिली की प्रामाणिक माणसाचा हातही रंगाच्या एमिसिव्हिटीकडे वळतो, आणि ०.९० चं ०.९४ व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : पहिल्याच प्रश्नातल्या विद्यार्थ्याप्रमाणे मीही विचारते : मॉडेल उत्तीर्ण झालं असं म्हणायचं तरी कधी? की कधीच नाही?

म्हणायचं, पण हद्द आखून. आणि त्यासाठी अनिश्चिततेचा हिशेब हवा. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचं, म्हणजे एएसएमईचं, २००९ सालचं एक मानक यासाठी मला सोयीचं वाटतं. मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला तीन अनिश्चितता घ्या: मोजमापाची, मॉडेलला दिलेल्या माहितीची आणि आकडेमोडीची. तिघींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. समजा मोजमापाची ०.८ अंश, माहितीची १.५ आणि आकडेमोडीची ०.२; तर एकत्र सुमारे १.७ अंश. तुमचा फरक १.२ अंश आला. तो १.७ च्या आत आहे. यावरून मॉडेल अचूक ठरत नाही. एवढंच ठरतं की मॉडेलमध्ये चूक असलीच तरी या चाचणीला ती दिसण्यासारखी नाही. फरक ४ अंश आला असता तर मॉडेलमध्ये नक्की काहीतरी राहिलंय, असं म्हणता आलं असतं. म्हणूनच ढिसाळ मोजमापाने मॉडेल पास करणं फार सोपं असतं. अनिश्चितता जितकी मोठी, तितकं पास होणं सोपं. अहवालात अनिश्चिततेचा आकडा नसेल, तर मी ‘उत्तम जुळणी’ हे शब्द वाचून सोडून देते.

मग प्रश्न येतो उपयोगाचा. नॉर्वेच्या पेंग्विनसारखी, इन्फ्रारेडच्या साहाय्याने जहाज शोधणारी क्षेपणास्त्रं १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. त्यांच्यापासून वाचायला किती शक्तीचे फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे, सोडावे लागतील, हे मॉडेलवरून ठरत असेल तर चूक किती चालेल, ते फ्लेअर ठरवणाऱ्याने आधी सांगायला हवं. तीच चूक धुराड्याच्या दोन रचनांपैकी थंड कोणती, एवढंच पाहायचं असेल तर कदाचित चालून जाईल, कारण तिथे दोन्ही उत्तरांत सारखी असलेली चूक वजा होते. जहाजावर माणसं असतात. ‘मॉडेल चांगलं आहे’ हे वाक्य त्यांच्या उपयोगाचं नाही.

त्या विद्यार्थ्यालाही आणि तुम्हालाही मी सुचवेन की अहवालातलं वाक्य साधारण असं असावं: ‘हे मॉडेल निरभ्र दिवशी, ३ ते ८ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात, टाक्या नसलेल्या भागातील बाजूच्या पत्र्यासाठी तपासलं. चित्रं पाहण्याआधी दिलेल्या उत्तरांत आणि मोजमापांत फरक अमुक अंश, एकत्रित अनिश्चितता तमुक अंश. पावसात, ढगाळ हवेत, धुराच्या झोतासाठी आणि वरून पाहण्यासाठी ते तपासलेलं नाही.’ आणि न जुळलेले आलेख परिशिष्टात ढकलू नका, जुळलेल्यांच्या शेजारीच छापा.